दोन टक्के पाण्याचा खडक

बीड जिल्ह्यातल्या भूजलाचा सगळा हिशेब दोन टक्क्यांवर उभा आहे. भूजलाचे मूल्यमापन कसे करावे याची देशपातळीवरची पद्धत २०१५ साली सुधारण्यात आली. तिच्यात कुजलेल्या, भेगाळ किंवा सच्छिद्र बसाल्टसाठी, म्हणजे आपल्या काळ्या खडकासाठी, विशिष्ट उत्पादकता २ टक्के धरावी असे सांगितले आहे. पाण्याने भरलेला खडक आपल्या भाराने जेवढे पाणी निथळू देतो, ते खडकाच्या आकारमानाशी ताडून पाहिले की हा आकडा मिळतो. वाळूच्या गाळासाठी तोच १६ टक्के धरतात. एक हेक्टर रान घ्या आणि त्याखालचा पाच मीटर जाडीचा भिजलेला थर घ्या. बसाल्टातला तो थर पूर्ण निथळला तर हाती येते १,००० घनमीटर पाणी. वाळूच्या गाळात ८,००० आले असते. उसाला एका हंगामात दोन मीटर उंचीच्या आसपास पाणी लागते. म्हणजे हेक्टरभर उसासाठी वीस हेक्टरांखालचा तो पाच मीटरचा थर कोरडा करावा लागतो. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि पश्चिमेच्या तालुक्यांत त्याहून कमी. अशा मुलखात या दोन टक्क्यांइतकी जड संख्या दुसरी नसेल.

पण हे दोन टक्के खडकाच्या आत डोकावून ठरवलेले नाहीत. विहिरींच्या पातळीतले चढउतार आणि पंपचाचण्या यांवरून बांधलेली ती सरासरी आहे. पद्धतीतच १ ते ३ टक्के अशी मुभा आहे. एका गावाचा खडक एक टक्क्याचा आणि शेजारच्या गावाचा तीन टक्क्यांचा असेल, तर सारखाच पाऊस पडून सारखीच पातळी असतानाही एका गावाकडे दुसऱ्याच्या तिप्पट पाणी असते. कागदावर मात्र दोन्ही गावे दोन टक्क्यांचीच. हा फरक खडकाच्या पोटात कसा घडतो, हे गेल्या चाळीसेक वर्षांत पाहता येऊ लागले आहे. क्ष-किरणांनी खडकाच्या छिद्रांचे त्रिमितीय चित्र घ्यायचे आणि त्या चित्रातून संगणकावर पाणी वाहवून बघायचे, असे हे शास्त्र आहे. ते वाढले तेलाच्या वाळूखडकांवर. आपला काळा खडक त्याला वेगळेच प्रश्न विचारतो, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तेच प्रश्न मोलाचे आहेत.

आधी खडक पाहू. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर दिसणारा दख्खनचा पाषाण तयार झाला. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग त्याच्यावर आहे. उत्तर सीमेवर गोदावरीचा गाळ आणि नद्यांकाठचे थोडे पट्टे सोडले, तर बीड जिल्हाही त्याचाच. प्रत्येक प्रवाह थिजताना त्यातले वायू वर चढले, म्हणून प्रवाहाचा माथा बुडबुड्यांनी भरला, गाभा घट्ट राहिला आणि तळाशी बुडबुड्यांची एक पातळ पट्टी उरली. विहीर खोदणारी माणसे ही रचना पुस्तकाविना ओळखतात. वरची काळी माती संपली की चुनखड, मग मुरूम, मग मांजऱ्या, कुठे गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्याखाली पाषाण. पाषाण लागला की मजूर सुस्कारा टाकतो आणि मालक खिसा चाचपतो.

यातला मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांचा खडक. पाटोद्याच्या घाटमाथ्यावर नवी विहीर खोदली जात असेल, तर काठावरच्या ढिगाऱ्यातून त्याचा मूठभर तुकडा उचलून भिंगाखाली धरावा. राखाडी-जांभळट अंगावर मोहरीपासून वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. ताज्या फुटलेल्या जागी एखादी पोकळी अर्धवट उघडी असते. तिच्या भिंतीला आधी हिरव्या सेलॅडोनाइटचे पातळ अस्तर असते, त्यावर स्टिल्बाइट या झिओलाइट खनिजाच्या मोळीसारख्या बांधलेल्या बारीक पात्या, आणि मध्ये कधी रिकामी जागा, कधी कॅल्साइटचा खडा. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो खडा फसफसतो, झिओलाइट मात्र ढिम्म राहतो. पुढच्या पोकळीत पाहावे तर ती काठोकाठ भरलेली. बालाघाटातल्या सीताफळाच्या पाकळ्या जशा एकमेकींना चिकटूनही आपापल्या सालीत बंद असतात, तशा या पोकळ्या शेजारी-शेजारी असूनही बहुतेक एकमेकींत उघडत नाहीत. तुकडा पाण्यात टाकला तर वरच्या फुटलेल्या खळग्यांतून दोन-चार बुडबुडे येतात आणि थांबतात. आतल्या पोकळ्यांना पाण्याची वार्ताही लागत नाही.

ही बंद-उघडची बाब हाताने तपासायला मर्यादा पडतात. तुकडा कोरडा आणि ओला तोलून उघड्या छिद्रांचा अंदाज येतो. खडकाची भुकटी करून घनता काढली की बंद छिद्रेही धरली जातात. दोन्ही आकडे खरे असतात, पण कोणती पोकळी कोणत्या पोकळीला कुठून जोडली आहे हे त्यांतून कळत नाही. जुना उपाय म्हणजे खडकाची कागदाहून पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पण चकती म्हणजे एकच काप, आणि कापात अलग दिसणाऱ्या दोन पोकळ्या कापाच्या वर किंवा खाली जोडलेल्या असू शकतात. जोड ही त्रिमितीतच दिसणारी गोष्ट आहे.

तिथे वैद्यकातले सीटी यंत्र उपयोगी पडले. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून आतली वस्तू पुन्हा उभी करता येते, हे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडले होते. ॲलन कॉर्मॅक यांनी तेच स्वतंत्रपणे सोडवले, गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी यंत्र बनवले, आणि १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. १९७९ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. तेल कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात तीच यंत्रे विंधणातून काढलेल्या खडकाच्या गाभ्यावर चालवली. तेलाला ढकलत पाणी कसे पुढे सरकते हे त्यांना बघायचे होते. रुग्णालयाचे यंत्र मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास थांबते, आणि वाळूखडकातली छिद्रे त्याहून कितीतरी बारीक. १९८२ मध्ये एलियट आणि डोव्हर यांनी एका गोगलगाईच्या शंखाचे पन्नासेक मायक्रॉन बारकाव्याचे चित्र काढून सूक्ष्म-सीटीची वाट उघडली. पुढे सिंक्रोट्रॉनच्या तेजस्वी किरणांनी बारकावा मायक्रॉनच्या घरात आला. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर असे चित्रण करणारी किरणरेषा आहे.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. बोटाच्या पेराएवढा खडकाचा दंडगोल फिरत्या पाटावर ठेवतात, एका बाजूने किरण सोडतात, दुसऱ्या बाजूला सावली टिपतात. पाट अंशाच्या लहानशा भागाने फिरतो, पुन्हा सावली, असे हजार-दोन हजार वेळा. संगणक त्या सावल्यांतून घनाकार ठिपक्यांची रास उभी करतो. त्या ठिपक्याला व्हॉक्सेल म्हणतात. जिथे पदार्थ जड, तिथे व्हॉक्सेल उजळ; जिथे पोकळी, तिथे काळा. टिपणाऱ्या पट्टीवर आडवे दोन हजार पिक्सेल असतील तर दोन सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यात व्हॉक्सेल १० मायक्रॉनचा पडतो. १ मायक्रॉन हवा असेल तर तुकडा दोन मिलिमीटरवर आणावा लागतो. मोठा तुकडा घ्याल तर बारीक छिद्र हरवते, बारीक छिद्र धराल तर खडक हरवतो. या शास्त्रातले निम्मे वाद या एका अडचणीतून निघतात. शिवाय दोन हजारांचा घन म्हणजे ८०० कोटी व्हॉक्सेल, एका तुकड्याच्या चित्राला सोळा गिगाबाइट जागा. पुढचे काम भूगर्भशास्त्रज्ञापेक्षा संगणकाच्या माणसाचे होऊन बसते.

आणि त्यात काळा खडक हट्टी. वाळूखडक म्हणजे मुख्यतः गारगोटी. किरण तिच्यातून सहज पार होतात आणि छिद्र व दाणा यांत लख्ख फरक पडतो. बसाल्टात लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांहून जास्त. ती किरण गिळतात. मऊ किरण कडेलाच अडतात, कठीण तेवढे पार जातात, आणि चित्रात कडा खोट्याच उजळ दिसतात. मग किरणांची ऊर्जा वाढवा किंवा तुकडा आणखी बारीक करा. त्याहून अवघड अडचण झिओलाइटची. बसाल्टची घनता पाण्याच्या पावणेतीन-तीन पट, झिओलाइटची सव्वादोन पटीच्या आसपास. म्हणजे झिओलाइटने भरलेली पोकळी चित्रात धड काळीही नसते, धड उजळही नसते. तिला छिद्र म्हणायचे की दगड? झिओलाइटच्या स्फटिकात रेणूंपुरत्या वाटा असतात, त्या कोणत्याही सीटीत दिसत नाहीत, आणि त्यांतले पाणी स्फटिकाशी बांधलेले असते. विहिरीच्या हिशेबात ते येत नाही. चित्र वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो भरलेल्या मांजऱ्याला पाणीदार ठरवून मोकळा होईल.

काळे-पांढरे वेगळे करण्याच्या या पायरीवर सगळी मदार असते. करड्या छटांच्या आलेखातून आपोआप सीमा काढण्याची ओत्सु यांची १९७९ ची रीत आजही सर्रास वापरतात. गेल्या दशकात यू-नेट नावाची रचना आली. जीवशास्त्रातल्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी २०१५ मध्ये मांडलेली ही कृत्रिम बुद्धीची पद्धत खडकांवरही चालू लागली. तिला आधी माणसाने रंगवून दिलेले नमुने लागतात, आणि वाळूखडकावर शिकलेली यंत्रणा मांजऱ्यावर चुकते. २०१३ मध्ये काही नामांकित गटांनी एकमेकांशी ताडून पाहिले: खडक तेच, चित्रे तीच, वाचणारे निरनिराळे. फाँतेनब्लो आणि बेरिया या दोन प्रसिद्ध वाळूखडकांवर आणि एका चुनखडकावर हा प्रयोग झाला, आणि छिद्रे वेगळी काढण्याची पद्धत बदलली की पुढचे आकडेही बदलतात हे दिसले. इतक्या सरळ खडकांची ही गत असेल, तर आपल्या खडकाबाबत कोणी एकच आकडा छातीठोकपणे सांगू लागला की त्याची छटांची सीमा कुठे धरली होती ते आधी विचारावे.

आता मुख्य प्रश्न, जोडाचा. १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीयोजनेवर काम करताना आँरी दार्सी यांनी वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम सांगितला, आणि तेव्हापासून पार्यता हा शब्द सच्छिद्रतेहून वेगळा झाला. छिद्र किती, ही एक गोष्ट; पाणी त्यातून जाते किती, ही दुसरी. नळीतून वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. दोन पोकळ्यांमधला घसा निम्मा अरुंद झाला की प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पोकळीचा पोटभाग कितीही मोठा असला तरी सत्ता घशाची चालते. १९५६ मध्ये फॅट यांनी छिद्रांचे जाळे नळ्यांच्या जाळ्यासारखे मांडून गणित केले. आज चित्रातूनच पोकळ्या आणि घसे वेगळे काढून तसेच जाळे बांधतात, किंवा लॅटिस-बोल्ट्झमान पद्धतीने प्रत्येक व्हॉक्सेलमधून पाणी चालवतात.

बुडबुड्यांच्या खडकात घसा जन्मतो तो दोन फुगे एकमेकांत फुटल्यावर. गणितात यासाठी एक आदर्श आहे: अवकाशात गोल हवे तसे विखुरले आणि त्यांना एकमेकांत शिरू दिले, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट तयार व्हायला त्यांनी सुमारे २९ टक्के जागा व्यापावी लागते. त्याखाली गोल भरपूर असले तरी बेटेच राहतात. खरा लाव्हा आदर्श गोलांसारखा वागत नाही. प्रवाह सरकताना फुगे ताणले जातात, लांबट होतात आणि कमी जागेतही जुळतात. उलट फुगा मोठा होऊन शेजाऱ्याला दाबत असताना मधली लाव्हाची पातळ पडदी टिकून राहिली, तर जास्त जागेतही जुळत नाहीत. मार्टिन सार आणि मायकल मँगा यांनी १९९९ मध्ये बुडबुड्यांच्या बसाल्टवर पार्यता मोजून हेच दाखवले, की सच्छिद्रता सारखी असली तरी खडक कसा थिजला त्यावर पार्यता ठरते. मांजऱ्याचा थर पाण्याचा की कोरडा, याचे अर्धे उत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थिजण्यात आहे. उरलेले अर्धे नंतर पोकळ्यांत काय भरले त्यात.

बसाल्टच्या फुग्यांचे चित्रण दुसऱ्याच कारणांनी जगभर झाले, आणि ते आपल्याला उपयोगी आहे. प्रवाहाच्या माथ्यावरचे आणि तळाचे फुगे यांच्या आकारांतल्या फरकावरून तेव्हाचा हवेचा दाब काढता येतो, ही कल्पना डॉर्क सहाजियन यांनी नव्वदच्या दशकात मांडली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २७० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले, पुढे खनिजांनी भरून गेलेले फुगे सीटीने मोजून त्या काळी पृथ्वीच्या हवेचा दाब आजच्या निम्म्याहून कमी होता असा निष्कर्ष निघाला. फुगे भरलेले होते तरी त्यांचा मूळ आकार चित्रात वाचता आला. आपल्या मांजऱ्यातही हेच करता येईल: मूळ पोकळी किती होती, त्यातली झिओलाइटने किती खाल्ली, आणि आज किती मोकळी आहे, असे तीन आकडे वेगवेगळे काढायचे. दोन टक्क्यांचे एक किंवा तीन का होतात, याचे उत्तर या तिसऱ्या आकड्याच्या जवळपास आहे.

मुरमाची गोष्ट निराळी. भूजलाच्या त्याच मूल्यमापन पद्धतीत पावसाचे पाणी किती झिरपते याचे आकडे आहेत: सच्छिद्र आणि भेगाळ बसाल्टात १३ टक्के, कुजलेल्या बसाल्टात ७ टक्के. हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला उलटे वाटते, कारण कुजलेला खडक तर हाताने कुस्करतो, त्यात पोकळी जास्त. पोकळी जास्त आहे खरीच, पण बसाल्ट कुजून जी चिकणमाती होते तिची छिद्रे मायक्रॉनहूनही बारीक, पाणी धरून ठेवणारी, आणि ओली झाली की फुगून उरलेल्या वाटाही बुजवणारी. काळ्या रानाला उन्हाळ्यात ज्या कारणाने हातभर भेगा पडतात, तेच कारण मुरमाच्या आत लहान प्रमाणावर काम करते. सीटीला ही छिद्रे व्हॉक्सेलखाली जातात. चित्रात नुसती करडी धूसर जागा दिसते. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि पाऱ्याचा दाब यांची जोड द्यावी लागते. शिवाय नमुना यंत्रात ठेवण्यासाठी वाळवला की चिकणमाती आकसते आणि चित्रात जमिनीत नसलेल्या भेगा उमटतात. ओल्या नमुन्याचे चित्रण कटकटीचे, पण मुरमासाठी दुसरा इलाज नाही.

आणि मग भेगा, जिथे या सगळ्या चित्रणाची ताकद संपते. घट्ट पाषाणात फुगे नसतातच. पाणी असेल ते थिजतानाच्या सांध्यांत आणि दोन प्रवाहांच्या मधल्या पट्टीत. भेगेतून जाणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनावर ठरते, रुंदी दुप्पट झाली तर प्रवाह आठपट. एका शेतकऱ्याच्या बोअरला दीड इंच पाणी आणि बांधापलीकडची कोरडी, याचे कारण बहुधा अशी एखादी भेग असते. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात ती सापडणे हा योगायोग. म्हणून प्रयोगशाळेतल्या तुकड्यावरून गावाचे पाणी सांगणारा आणि नारळ हातावर धरून सांगणारा पाणाड्या, दोघांच्या बोलण्याला सारखाच विरोध व्हायला हवा. चित्रणाने खडकाच्या अंगाचा साठा आणि निथळ कळते. भेगांसाठी पंपचाचणी, विहिरींच्या भिंतींचे वाचन आणि विद्युत-रोधाची मापने लागतात. दोन्ही एकमेकांना जोडल्याशिवाय अर्थ नाही.

बीडच्या लोकांनी हा जोडाचा प्रश्न आपल्या परीने ओळखला आहे. विहिरीच्या तळाशी उतरून भिंतींत चहूबाजूंनी आडवे बोअर मारण्याची रीत मराठवाड्यात रुळली आहे. ती नवी पाण्याची जागा शोधत नाही, शेजारच्या भिजलेल्या थराला विहिरीशी जोडते. बीड शहराजवळची सोळाव्या शतकातली निजामशाही खजाना विहीर याच तत्त्वावर उभी आहे: दोन भुयारांतून पाणी आत येते, एकातून बाहेर शेताकडे जाते. खोल जाण्याऐवजी आडवे जाऊन उथळ पाणी गोळा करण्याची ती बांधणी आजच्या आठशे फुटांच्या बोअरच्या हट्टापेक्षा शहाणी आहे, असे मला वाटते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अपारंपरिक उपायही जोडाचेच आहेत. जलभंजनात विंधण विहिरीत दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा उघडतात. सुरुंग लावून सभोवतीचा पाषाण तडकवतात. आणि उलट बाजूने, पाणी निसटून जात असेल तिथे सिमेंटने भेगा बुजवतात. असा उपाय करण्याआधी आणि नंतर खडकाच्या तुकड्यांचे चित्र घेतले, तर कोणत्या जातीच्या मांजऱ्यात दाबाने पडद्या फुटतात आणि कोणत्यात नाही हे पाहता येईल. खर्च एका सरकारी टँकर-हंगामाच्या तुलनेत काहीच नाही.

इथे बसाल्टच्या छिद्रांकडे आशेने पाहणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि त्याचा बीडशी थेट संबंध येऊ शकतो. आइसलंडमध्ये २०१२ साली कार्बफिक्स प्रकल्पाने कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बसाल्टात सोडला; दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वायू कार्बोनेट खनिजांत बांधला गेला, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वलुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू सव्वाआठशे मीटरहून खोल बसाल्टात भरला, आणि दोन वर्षांनी काढलेल्या गाभ्यांत फुग्यांच्या पोकळ्यांतून अँकेराइटच्या गाठी सापडल्या. सीटीचे चित्रण इथे फार उपयोगी ठरते, कारण कार्बोनेट साचल्याने घसे बुजतात का, हा प्रश्न प्रत्यक्ष पाहूनच सुटतो. दख्खनच्या बसाल्टवर असा अभ्यास आयआयटी मुंबई आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी हाती घेतलेला आहे.

परळीला कोळशावरचे वीजकेंद्र आहे, त्यामुळे धूर तिथला आणि खडकही तिथला, अशी जुळणी कागदावर छान दिसते. मला ती पटत नाही. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे पंचवीस टन पाणी लागते. एक लाख टन वायूसाठी पंचवीस लाख घनमीटर, म्हणजे वरच्या हिशेबाने अडीच हजार हेक्टरांखालचा पाच मीटरचा थर. त्यातले काही पाणी फिरवून वापरता येते, पण हे तेच वीजकेंद्र आहे जे २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पाण्याशिवाय नुसता दाबलेला वायू भरायचा तर सुमारे आठशे मीटर खोली हवी आणि तिथवर बसाल्ट हवा. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोदलेल्या विवरात बसाल्ट ३३८ मीटरवर संपला. पश्चिमेला जाडी वाढत जाते, कोयनेच्या खोल विवरात ती १,२४७ मीटर भरली. परळी मात्र किल्लारीच्या बाजूला आहे. बीडच्या फुग्यांनी आधी पाणी धरावे, धूर नंतर.

पाण्यासाठी असो की धुरासाठी, चित्र काढायला हातात खडक लागतो, आणि तोच आपल्याकडे नाही. बीड जिल्ह्यात जितके बोअर पडतात त्यांतला एकही खडकाचा गाभा वर आणत नाही. गाडीवरचा हवेचा हातोडा दगड कुटून पीठ करतो, ते पांढरट धुरळ्याच्या रूपाने उडते, सकाळी पिकांवर बसलेले दिसते आणि पहिल्या पावसात धुऊन जाते. चालक हाताने भुकटी चोळून मांजऱ्या आहे की पाषाण ते सांगतो, आणि त्याचे सांगणे बहुधा बरोबर असते, पण ते कुठे लिहिले जात नाही. कोयना परिसरात दीड किलोमीटरपर्यंत खोदलेल्या नऊ विवरांचा सलग गाभा कराडला जपून ठेवला आहे. भूकंपाच्या अभ्यासाने आपल्याला ती शिस्त शिकवली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि लातूरला पाणी देणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातल्या धनेगावला कोरडे पडले होते. दुष्काळानेही एवढी शिस्त शिकवायला हरकत नव्हती.

खोलीचा प्रश्नही मोठा नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानले आहे. शेतीला टिकाऊ पाणी जे आहे ते त्याच्या वरच आहे. अकरा तालुक्यांत निरीक्षण विहिरींच्या शेजारी साठ-साठ मीटरचे एकेक गाभा-विंधण घ्यावे. प्रत्येकात दोन-तीन तरी प्रवाह ओलांडले जातील. प्रत्येक प्रवाहाच्या माथ्याचा, गाभ्याचा आणि तळाचा तुकडा दोन बारकाव्यांवर चित्रित करावा: एकदा हाताएवढ्या तुकड्यावर, भेगा आणि मोठे फुगे दिसण्यासाठी, आणि एकदा त्यातून काढलेल्या दोन सेंटिमीटरच्या दंडगोलावर, घसे दिसण्यासाठी. त्याच जागी पंपचाचणी, आणि शेजारच्या विहिरीत मेअखेर व ऑक्टोबरात पातळी. सुरुवात आष्टी-पाटोद्यापासून व्हावी. मांजरा तिथल्याच डोंगरांत उगम पावते, आणि टँकरही तिथेच आधी सुरू होतात.